काजवे काय खातात? : वाया गेलेला एक पावसाळा आणि कामी आलेला दुसरा

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी काजव्यांचा आहार हा विषय घेतला आणि पहिला पावसाळा फुकट घालवला. तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडकडचं, धानाचं. मृग लागला की बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर काजवे दिसायचे. मी ते धरून बरणीत ठेवायचो, कापसाच्या बोळ्यावर मधाचं पाणी द्यायचो आणि जागत बसायचो. एकानंही तोंड लावलं नाही, आठवडाभरात सगळे मेले. मामा म्हणाला, "नवरदेवाले जेवाची सुद राह्यते का बाबू?" त्याचं बरोबर निघालं. पुष्कळ जातींत उडणारा काजवा काहीच खात नाही, काहींत थोडा मकरंद घेतो. अळीपणी साठवलेल्या शिदोरीवर जोडीदार शोधायचा, एवढंच त्याचं काम.

खादाड असते ती अळी, आणि ती जमिनीवर असते. दुसऱ्या वर्षी टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, ओला पालापाचोळा धुंडाळला. लुकलुक न करणारा, मंद, एकसारखा उजेड दिसला की ती अळी समजा. चपटी, अंगावर ढालींसारखे पट्टे.

एका रात्री गोगलगाईच्या चिकट मागावरून चाललेली अळी सापडली. तिनं गोगलगाईच्या मऊ अंगाला चावा घेतला, मागे सरली, पुन्हा चावली. गोगलगाय शंखात ओढली गेली, मग हळूहळू गप्प झाली. अळीचे जबडे कोयत्यासारखे वाकडे आणि आतून पोकळ. त्यातून लुळं पाडणारा, मांस विरघळवणारा रस आत जातो. मग ती तो रस्सा शोषते. जेवण आटोपल्यावर शेपटाकडच्या झुपक्यानं तोंडाचा चिकटा पुसत बसली. माझ्या वहीतली सर्वांत चांगली नोंद हीच.

एक चूक मात्र टाळा. 'मादी नराला फसवून खाते' हे वाचून मी ते अहवालात घातलं होतं. ती गोष्ट उत्तर अमेरिकेतल्या फोट्युरिस नावाच्या काजव्यांच्या माद्यांची; कीटकशास्त्रज्ञ जेम्स लॉइड यांनी ती 1965 साली मांडली. या माद्या दुसऱ्या जातीच्या मादीसारखा उजेडाचा इशारा देऊन त्या जातीचा नर ओढतात. आपल्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, काजव्यांच्या नावावर ती खपवू नका. सरांनी त्या पानावर लाल रेघ मारली, ती अजून आहे.

अळी पाळायची तर डब्यात ओली माती, लहान गोगलगाई आणि झाकणाला भोकं. उष्टे शंख रोज काढा, नाहीतर बुरशी धरते. फवारणी झालेल्या बांधीत मला ना अळी मिळाली ना गोगलगाय, त्यामुळे जागा आधी शेतकऱ्याला विचारून ठरवा.

आणि गमबूट घाला. मण्यारही रात्रीच निघतो.