सुपरहिरोला खऱ्या प्रश्नाशी भिडवायचं असेल तर

मी कॉमिक्सच्या पटकथा लिहितो. पहिल्याच गोष्टीत माझ्या नायकानं अख्खी नदी उचलून दुष्काळी भागात नेऊन ओतली. भाचीनं ती वाचली आणि एवढंच विचारलं, "मामा, आधी ती नदी ज्यांची होती, त्यांचं काय?"

तेव्हापासून लिहायला बसण्याआधी कागदावर मधोमध रेघ ओढतो. तुम्हीही ओढा.

डावीकडे ताकदीनं सुटणारं सगळं लिहा: कोसळता पूल, पुरात अडकलेली बस. इथे नायकाचं कर्तव्य आहे का, यावर पानं खर्ची घालू नका. पीटर सिंगर या तत्त्वज्ञानं १९७२ मध्येच विचारलं होतं, तळ्यात मूल बुडत असताना कपडे भिजतील म्हणून काठावर थांबायचं का? माणूस दूर आहे ही सबबही त्यानं मानली नाही. उडणाऱ्याला तर 'दूर' असं काही नसतंच.

उजवीकडे भूक लिहा. इथे खरी मेहनत आहे. अमर्त्य सेन यांनी दाखवलं की दुष्काळात पुष्कळदा धान्य असतं, ते मिळवायची लोकांची ऐपत संपलेली असते. मग डोंगर उचलणारे हात नेमकं काय उचलणार? गोदामाचं दार तोडलं तर पुढच्या हंगामात काय, हे त्याच पानावर लिहायला घ्या. जमत नसेल तर दार तोडू नका.

१९३९ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या आठव्या अंकात सुपरमॅन गरिबांची मोडकळीला आलेली वस्ती स्वतःच पाडतो, म्हणजे सरकारला नवी घरं बांधावीच लागतील. बांधलीही जातात. मला ही गोष्ट आवडते, पण नवी घरं होईपर्यंत ती माणसं राहिली कुठे, हे मनातून जात नाही. तुमची गोष्ट त्या मधल्या दिवसांत घडवा.

आणि नायकाला जाब विचारायचं काम खलनायकाकडे देऊ नका, ज्याला झळ बसली त्याच्याकडे द्या. १९७० च्या एका कॉमिक्समध्ये एक म्हातारा कृष्णवर्णीय माणूस ग्रीन लँटर्नला, म्हणजे परग्रहांवरही मदतीला धावणाऱ्या सुपरहिरोला, विचारतो: निळ्या, नारिंगी, जांभळ्या कातडीच्यांसाठी इतकं केलंस, काळ्यांसाठी काय केलंस? ग्रीन लँटर्न मान खाली घालतो. त्याला लगेच उत्तर सुचू न देणं, हीच तिथली कारागिरी.

माझी नदीची गोष्ट मी पुन्हा लिहितोय. आता नायक दोन्ही काठांवरच्या लोकांना एकत्र बसवतो आणि सहा पानं गप्प ऐकतो. चित्रकार वैतागलाय.