गाडी गॅरेजला द्या, घराची किल्ली नको

साताऱ्याजवळ हायवेवरच्या एका वर्कशॉपमध्ये मी विम्याच्या क्लेमचं टेबल सांभाळते. मागच्या पावसाळ्यात खंबाटकी घाटातून एक ठोकलेली गाडी क्रेनवरून आली. मालकांनी किल्ल्यांचा जुडगाच माझ्यासमोर ठेवला: गाडीची, घराच्या लॅचची आणि एक कपाटाची. शेजारी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, तिच्यावर घराचा पत्ता. वर स्वतःच म्हणाले, "घरी कुणी नाही मॅडम, सगळे दवाखान्यात." मी दोन किल्ल्या सोडवून त्यांच्या हातात दिल्या. वर्कशॉपला फक्त गाडीची किल्ली लागते, एवढं आधी लक्षात ठेवा.

आता रस्त्यावरचं. अपघातानंतर समोरचा गाडीवाला तावातावाने "आधार दाखवा, लायसन्सचा फोटो काढू द्या" म्हणतो आणि घाबरलेला माणूस देऊन टाकतो. त्याला गाडीचा नंबर, तुमचं नाव, विमा कंपनी आणि पॉलिसी नंबर पुरतो. पॉलिसीचं पहिलं पानही फोटोला देऊ नका; त्यावर पत्ता, मोबाईल, बहुतेक वेळा नॉमिनीचं नावसुद्धा असतं. नंबर वाचून दाखवा, बस्स. पोलिसांची गोष्ट वेगळी. ते मागतील ते दाखवा, डिजिलॉकरमधलं लायसन्स आणि आरसी चालते. (तुम्ही नुसते मदतीला थांबलेले असाल, तर नाव सांगायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली तसं कलम आलंय, १३४-अ. लोक उगाच पळ काढतात.)

क्रेन यायच्या आत डॅशबोर्डचा ड्रॉवर, सीटमागचे कप्पे आणि डिकी रिकामी करा. आम्हाला काय काय सापडतं म्हणून सांगू! पासबुक, मुलांचे रिपोर्ट कार्ड, सही केलेला चेक. डॅशकॅमचं कार्डही काढून जवळ ठेवा. त्यात अपघाताचा पुरावा असतो, आणि रोज तुम्ही कुठल्या गल्लीतून निघता तेही.

पण सगळ्यात जास्त विसरतात ती गाडीतली स्क्रीन. आमच्या पोराने बॅटरी जोडून एक गाडी चालू केली, तर नकाशावर "घर", "ऑफिस" आणि "चिऊचा क्लास" अशी तीन बटणं समोर. फोन नंबरांची अख्खी यादीही ब्लूटूथवरून उतरलेली. बॅटरी काढली की हे पुसलं जातं असं बऱ्याच जणांना वाटतं, नाही जात. सेटिंग्जमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट मारा. स्क्रीनच फुटली असेल, तर काढलेलं युनिट परत मागून घ्या किंवा त्याचं काय करणार ते आमच्याकडून लेखी घ्या. विचारायला लाजू नका.

कागदपत्रांचं म्हणाल, तर आधारची मास्क केलेली प्रत द्या, तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होते. प्रत्येक झेरॉक्सवर तिरकं लिहा: "फक्त मोटार क्लेमसाठी", खाली तारीख. कॅन्सल चेकवर सही करू नका, सहीशिवाय चालतो. एफआयआरची प्रत सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. त्यात तुमचा पत्ता आणि मोबाईल असतो.

दोन-चार दिवसांनी "तुमचा क्लेम अडकलाय, लिंकवर ओटीपी द्या" असा फोन आला तर ठेवून द्या आणि पॉलिसीवर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. पैसे गेलेच तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली ठरली, तर मात्र माझ्यापेक्षा जास्त सावध व्हा. सॅल्व्हेज, म्हणजे ठोकलेली गाडी आहे तशी विकत घेणाऱ्यासाठी फॉर्म २९ आणि ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे) पुढे सरकवतात, घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. कोऱ्यावर सही करू नका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्टच म्हटलंय, नोंदणी ज्याच्या नावावर, नुकसानभरपाईसाठी तोच मालक. म्हणजे तुम्ही विसरून गेलेली गाडी दुसऱ्या कुणी ठोकली, तरी नोटीस तुमच्या दारात. घेणाऱ्याचं नाव भरून घ्या, सही केलेल्या फॉर्मचा फोटो ठेवा, फास्टॅग बँकेला फोन करून बंद करा. काचेवरचं सोसायटीचं आणि शाळेचं स्टिकर खरवडूनच गाडी सोडा. ब्लेड माझ्या ड्रॉवरमध्ये असतं, मागा.