सॉफ्ट-स्विचिंग पीएफसी कन्व्हर्टर: या चुका टाळा

पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या (पीएफसी) बूस्ट कन्व्हर्टरचे, म्हणजे व्होल्टेज वाढवणाऱ्या परिपथाचे, इनपुट व्होल्टेज प्रत्येक अर्धचक्रात शून्यापासून शिखरापर्यंत चढून उतरते, तरीही शून्य-व्होल्टेज स्विचिंगचा (स्विचवरील व्होल्टेज शून्यावर आल्यावरच तो चालू करण्याचा, म्हणजेच सॉफ्ट-स्विचिंगचा) हिशेब बऱ्याचदा एकाच बिंदूवर उरकला जातो. पुढील बहुतेक चुकांचे मूळ तिथे आहे.

क्रिटिकल कंडक्शन पद्धतीत (इंडक्टरचा प्रवाह शून्यावर आला की पुढचे स्विचिंग-चक्र सुरू होते) डायोडचा प्रवाह थांबल्यावर इंडक्टर आणि मॉसफेटचा (ट्रान्झिस्टर-स्विचचा) कपॅसिटन्स यांच्यातील अनुनादामुळे ड्रेनचे, म्हणजे मॉसफेटच्या इंडक्टरकडील टोकाचे, व्होल्टेज खाली येते. मात्र इनपुट हे आउटपुटच्या निम्म्याहून अधिक असेल, तर ते शून्यापर्यंत पोहोचत नाही. पुरवठा २३० व्होल्टचा, म्हणजे शिखर सुमारे ३२५, आणि आउटपुट ४०० व्होल्ट असेल, तर शिखरावर ड्रेन २५० व्होल्टलाच अडतो. इनपुट २०० व्होल्टच्या वर असलेल्या, अर्धचक्रातील साधारण ३८ ते १४२ अंशांच्या पट्ट्यातूनच बहुतांश शक्ती वाहते. हाच संच ११० व्होल्टवर तपासला, तर शिखर १५५ च्या आसपास राहिल्याने सारे आलबेल दिसते.

डायोडऐवजी मॉसफेट वापरून तो किंचित उशिरा बंद केल्यास उलटा प्रवाह मिळतो व ही उणीव भरून निघते. इंडक्टर १०० मायक्रोहेन्री आणि एकूण कपॅसिटन्स २०० पिकोफॅरड धरल्यास शिखरावर सुमारे ०.४५ अँपिअर उलटा प्रवाह लागतो. तोच आकडा संपूर्ण चक्राला लावणे ही दुसरी चूक होय, कारण इनपुट कमी असताना त्याने केवळ वहनातील व्यय वाढतो.

कपॅसिटन्स स्थिर मानू नये. सुपरजंक्शन या उच्च-व्होल्टेज प्रकारच्या मॉसफेटमध्ये कमी व्होल्टेजला तो अनेक पटींनी वाढतो. म्हणून डेड-टाइम (दोन्ही स्विच बंद ठेवण्याचा काळ) काढताना डेटाशीटमधील विद्युतभाराचा आलेख वापरावा, आणि दुसऱ्या स्विचचा व इंडक्टरच्या गुंडाळीचा वाटाही त्यात धरावा. डेड-टाइम गरजेपेक्षा लांबला, तर प्रवाहाची दिशा पालटून ड्रेन पुन्हा वर चढतो.

सरासरी मॉडेलमध्ये (एका स्विचिंग-चक्राची सरासरी घेणाऱ्या गणितात) अनुनादाचा काळ गाळला जातो, त्यामुळे स्थिर ऑन-टाइम (स्विच चालू राहण्याचा काळ) पुरेसा वाटतो. प्रत्यक्षात लाइन-व्होल्टेज शून्याजवळ असताना हा अनुनादाचा काळ आणि उलटा प्रवाह मिळून सरासरी प्रवाह खातात व लाइन-प्रवाह तिथे सपाट होतो. तिथे ऑन-टाइम वाढवावा लागतो. व्होल्टेज-लूपची (आउटपुट स्थिर ठेवणाऱ्या नियंत्रणाची) बँडविड्थ वाढवून हा दोष जात नाही, उलट तिसरी हार्मोनिक वाढते.

ऑसिलोस्कोपवर गेट आणि ड्रेन एकत्र पाहावेत, तेही लाइनच्या शिखराशी ट्रिगर बांधून: चालू होताना गेटच्या आलेखात मिलर पठार (ड्रेन उतरत असताना गेटचे व्होल्टेज थबकल्याचा सपाट भाग) दिसले, तर ड्रेन अद्याप शून्यावर आलेला नाही.