संत्र्याची साल आणि फोड: विजेचे सुवाहक ओळखण्याची घरगुती चाचणी

कोणत्या वस्तूतून वीज वाहते याची यादी मुलांकडून पाठ करून घेण्यापेक्षा त्यांच्या हाती एक साधा परिपथ द्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. त्यासाठी १.५ व्होल्टचे तीन सेल, ते बसतील असा डबा, एक लाल एलईडी (अगदी कमी विजेवर लागणारा छोटा दिवा), २२० ओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला आवर घालणारा छोटा घटक) आणि थोडी वायर एवढेच लागते. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या प्लगला मात्र या प्रयोगात हातही लावू नये.

डब्याच्या धन टोकाला रेझिस्टर आणि त्याच्या पुढे एलईडीचा लांब पाय जोडावा. आखूड पायापासून एक आणि डब्याच्या ऋण टोकापासून दुसरी वायर काढून त्यांची सोललेली टोके मोकळी ठेवावीत. साडेचार व्होल्टपैकी सुमारे २ व्होल्ट एलईडी घेतो आणि उरलेल्या अडीच व्होल्टमुळे रेझिस्टरमधून जेमतेम ११ मिलिअँपिअर प्रवाह जातो. रेझिस्टर वगळला, तर एलईडी जळू शकतो. प्रत्येक चाचणीआधी मोकळी टोके एकमेकांना टेकवून एलईडी लागतो ना, हे पाहावे.

मग ती टोके तपासायच्या वस्तूला टेकवावीत. स्टीलचा चमचा, पितळी किल्ली, ॲल्युमिनियमची पट्टी यांवर एलईडी लख्ख लागतो. रबर, काच, कोरडे लाकूड यांवर लागत नाही. खरी गंमत पुढे आहे. मोटारीच्या गुंडाळीची तार तांब्याची असूनही एलईडी विझलेलाच राहतो, कारण तिच्यावर वीज न वाहू देणारा इनॅमलचा थर असतो. पॉलिश पेपरने दोन्ही टोके घासली की तो लागतो. दोन्हीकडून टोक केलेली साधी पेन्सिलही वीज वाहून नेते, कारण तिच्यात ग्रॅफाइट असते; रंगीत पेन्सिल नेत नाही. (कार्बन-जस्ताच्या सेलमध्येही मधोमध कार्बनचीच कांडी असते आणि तिच्याभोवती मँगेनीज डायऑक्साइडचे काळे मिश्रण, आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या मनसरच्या खाणींतले खनिज मँगेनीजचेच. तेवढ्यासाठी सेल फोडू नये.)

शेवटी नागपुरी संत्रे घ्यावे. टोके सालीवर नुसती टेकवली तर काहीच होत नाही. तीच टोके साल भेदून एका सेंटिमीटरच्या अंतराने फोडीत खुपसली आणि खोलीत अंधार केला, की एलईडी मंद लालसर दिसू लागतो, कारण रसातल्या सायट्रिक आम्लाचे आयन (विद्युतभार असलेले कण) वीज वाहून नेतात. असे संत्रे नंतर खाऊ नये, कारण तांब्याचा अंश रसात उतरलेला असतो.