पीसी अचानक बंद, परत चालूच होईना: माझा अनुभव

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर. खाली टॉवेलचे माग, वर माझा पीसी. मे महिन्यात पारा ४०च्या वर, आणि बिलं टाइप करता करता पीसी धाडकन बंद. नंतर बटण दाबलं तर पंख्याचं पातंसुद्धा हलेना.

आधी सॉकेट बदलला, दुसरी केबल लावली. काही नाही. केबल काढून बटण १५ सेकंद दाबून धरलं, रॅम काढून पुसून बसवली. तरी मख्ख.

मग एसएमएसवर, म्हणजे एसएमपीएसवर संशय (घाईत मी कायम चुकीचंच म्हणतो). एसएमपीएस म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा. त्याचा २४ पिनचा कनेक्टर मदरबोर्डातून काढला. वीज बंद ठेवून हिरवी वायर आणि शेजारची काळी तारेच्या तुकड्याने जोडली, मग स्विच लावला. चांगला असता तर त्याचा पंखा फिरला असता. नाही फिरला. फिरला असता तरी तो निर्दोष ठरत नाही, तेव्हा मीटरने पिवळीवर १२ आणि लालवर ५ व्होल्ट बघावे लागतात.

एसएमपीएसच्या जाळीतून डोकावलो तर आत मागावरच्या सुताची गादीच! हवा जायला जागाच नव्हती. डबा उघडायचा मोह आवरला, कारण वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो. नवा ४५० वॅटचा आणला. प्रोसेसरच्या हीटसिंकमधलंही (त्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधलं) सूत ब्रशने काढलं, दोघांमधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलली.

पहिल्या बटणाला चालू. आता कॅबिनेट जमिनीवरून टेबलावर आलंय.