जुन्या गाडीचे गंजलेले इंजेक्टर बदलताना

माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी दोन वर्षं जागची हलली नव्हती. सुरू झाली खरी, पण उभ्या उभ्या थरथरायची आणि मिसिंग करायची. प्लग बदलून पाहिले, फरक शून्य. शेवटी इंजेक्टर (पेट्रोलचा फवारा सोडणाऱ्या छोट्या नळ्या) काढले, तर तिसऱ्याच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीवर तांबूस चिखल बसलेला होता. म्हणून आधी सांगतो: गंज बहुतेक वेळा मागून येतो. टाकीत ओल साठते, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी लवकर धरतं, आणि गाडी उभी राहिली की ते पाणी तळाशी बसून धातू खातं. जुना फिल्टर काढून त्यातलं पेट्रोल पांढऱ्या भांड्यात ओता. तपकिरी पाणी निघालं तर टाकी साफ केल्याशिवाय नवे इंजेक्टर बसवू नका.

हे सगळं इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनापुरतं आहे. थेट सिलिंडरमध्ये फवारा सोडणारी इंजिनं आणि कॉमन रेल डिझेल यांना घरी हात लावू नका. तिथला दाब इतका असतो की इंधनाची धार कातडीच्या आत शिरते.

आपल्या रेलमध्ये, म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, साधारण 3 बार दाब असतो, तोही डोळ्यांत उडायला पुरतो. इंधन पंपाचा फ्यूज काढा, इंजिन सुरू करा आणि आपोआप बंद पडू द्या. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, इंजिन गार होऊ द्या. डोळ्यांवर चष्मा, हाताशी अग्निशामक, दारं उघडी.

इंजेक्टरचा विजेचा कनेक्टर काढताना तारेची क्लिप उडते, ती बोटाने धरून ठेवा. पिना हिरवट झाल्या असतील तर दोष तिथेही असू शकतो. मल्टिमीटरने प्रत्येक इंजेक्टर मोजा: बऱ्याच गाड्यांत 12 ते 16 ओहम येतात, काही जुन्यांत 2 ते 5. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. मात्र आकडा बरोबर आला म्हणून फवारा बरोबर असेलच असं नाही. माझा तिसरा मोजणीत अगदी ठणठणीत होता.

आता सगळ्यात नाजूक भाग. रेलचे बोल्ट सोडण्याआधी इंजेक्टरच्या बुडाभोवतीची माती हवेने उडवा, नाहीतर ती थेट व्हॉल्व्हवर पडते. गंजलेल्या जागी गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर थांबा. रेलची पाइप सोडताना सांध्याभोवती फडकं गुंडाळा, उरलेलं पेट्रोल त्यात येईल. मग इंजेक्टर हाताने डावी-उजवीकडे फिरवत, हळूहळू वर ओढा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह होतो, मलाही झाला होता. तसं केलं तर इंजेक्टरचं प्लास्टिक तुटतं आणि मॅनिफोल्डची बैठक ओरखडते. न हलल्यास पुन्हा स्प्रे, पुन्हा वाट. माझ्या तिसऱ्याला दोन रात्री लागल्या. निघाल्याबरोबर भोकं स्वच्छ फडक्याने झाका आणि फडकी मोजून ठेवा.

जुनी ओ-रिंग (इंजेक्टरभोवतीची रबरी कडी) कुठे चिकटून राहिली आहे का, हे टॉर्चने बघा. बैठक फडक्याने पुसा. पॉलिश पेपर नको, त्याची पूड आत जाते. इंजेक्टर चारही एकदम बदला, आणि पार्ट नंबर जुन्याशी जुळवा. एकच नवा टाकला तर बाकीच्यांशी त्याचा फवारा जुळत नाही.

नव्या ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावा, ग्रीस किंवा सिलिकॉन नको. वरची आणि खालची रिंग वेगळी असू शकते, अदलाबदल करू नका. फडकी मोजून काढली की इंजेक्टर आधी रेलमध्ये बसवा, मग सगळे मिळून सरळ खाली दाबा. रिंग मुडपली तर हाताला अडकल्यासारखं लागतं. तिथेच थांबून वर काढा. बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा.

पाइप, कनेक्टर, फ्यूज आणि बॅटरी जोडल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. किल्ली नुसती ऑन करा, पंपाचा आवाज थांबला की ऑफ. असं तीनदा. दर वेळी टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा बघा, खालून बोट फिरवा. ओल लागली तर तो इंजेक्टर पुन्हा बाहेर. कोरडं असेल तर सुरू करा. आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग, वर-खाली होत असेल तर खालची रिंग हवा ओढत असू शकते. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनवर, बॉनेट उघडून पेट्रोलचा वास येतो का ते पुन्हा एकदा तपासा.