दोन ऑफर लेटर हातात असताना: मोठ्या अकाउंटिंग फर्ममधली पहिली नोकरी कशी निवडावी

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली किंवा सावंतवाडीत बी.कॉम. झालेल्या मुलाला दोन मोठ्या फर्मची ऑफर आली की घरातून पहिला प्रश्न येतो, पॅकेज किती? मित्र विचारतात, बिग फोर आहे का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या उत्तरांवर निवड केली तर सहा महिन्यांत पस्तावण्याची शक्यता मोठी. लेटर उघडल्यावर सगळ्यात आधी बघायचं ते तुम्हाला नोकरीवर नेमकं कोण ठेवतंय.

लेटरवर कंपनीचं पूर्ण नाव काय आहे?

डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी ही बिग फोरची नावं एकेकच दिसत असली तरी प्रत्येक नावाखाली भारतात अनेक वेगवेगळ्या संस्था आहेत. इथल्या कंपन्यांचं वैधानिक (कायद्याने बंधनकारक) ऑडिट आयसीएआय या सीएंच्या राष्ट्रीय संस्थेकडे नोंदलेल्या सीए फर्मच करू शकतात. त्यामुळे ईवायच्या नेटवर्कमध्ये एस. आर. बाटलीबॉय, केपीएमजीच्या नेटवर्कमध्ये बीएसआर, पीडब्ल्यूसीच्या नेटवर्कमध्ये प्राइस वॉटरहाउस आणि डेलॉइटमध्ये डेलॉइट हॅस्किन्स अँड सेल्स अशा फर्म ऑडिट करतात. ईवाय जीडीएस, डेलॉइट यूएसआय, पीडब्ल्यूसीची ॲक्सिलरेशन सेंटर आणि केपीएमजी ग्लोबल सर्व्हिसेस या संस्था वेगळ्या. त्या परदेशातल्या ऑफिसांचं काम भारतात बसून करतात. नुसत्या पदवीवर मिळणाऱ्या ऑफर बहुतेक या दुसऱ्या गटातल्या असतात.

दोन्हीकडचं काम चांगलंच आहे, पण ते एक नव्हे. इथल्या ऑडिट टीममध्ये तुम्ही क्लायंटच्या ऑफिसात किंवा कारखान्यात जाता, व्हाउचिंग करता (नोंदी मूळ बिलांशी ताडून बघता), ३१ मार्चच्या आसपास गोदामात उभं राहून स्टॉक मोजता आणि इंड-एएस (भारतीय हिशोब मानकं), कंपनी कायदा, जीएसटी यांच्याशी रोज झटता. परदेशी कामाच्या टीममध्ये स्क्रीनवर अमेरिकन किंवा ब्रिटिश क्लायंटचे वर्किंग पेपर असतात, यूएस गॅप (अमेरिकेचे हिशोबाचे नियम) असतं, अमेरिकेचे टॅक्स फॉर्म असतात. तिथे क्लायंटशी बोलणं पहिल्या वर्षी जवळजवळ नसतंच. पुढे रत्नागिरीत स्वतःची प्रॅक्टिस करायचा विचार असेल तर दुसरा अनुभव फारसा कामाला येणार नाही. अमेरिकन टॅक्समध्ये करिअर करायचं असेल तर तोच सोन्यासारखा.

सीए करणाऱ्यांसाठी एक मुद्दा ठळकपणे सांगायला हवा. ॲनालिस्ट किंवा असोसिएट म्हणून केलेली नोकरी आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीए होण्यासाठीच्या सक्तीच्या प्रशिक्षणात, मोजली जात नाही, मग फर्मचं नाव कितीही मोठं असो. आर्टिकलशिप आयसीएआयकडे रीतसर नोंदवावी लागते, जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची आहे आणि त्या काळात पूर्ण वेळ नोकरी करता येत नाही. सीए इंटरमिजिएट (इंटर) परीक्षेचे दोन्ही ग्रुप सुटले असतील आणि घर दोन वर्षं कमी स्टायपेंडवर निभावू शकत असेल, तर नोकरीची ऑफर कितीही मोठी असली तरी आर्टिकलशिप घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. पगाराची सवय लागल्यावर परत स्टायपेंडवर येणं फार थोड्यांना जमतं. इंटर सुटत नसेल किंवा सीए करायचंच नसेल, तर नोकरीसोबत एन्रोल्ड एजंट (अमेरिकन टॅक्सची परीक्षा, तीन पेपर), यूएस सीपीए (अमेरिकेची सीएसारखी पात्रता, चार पेपर) किंवा एसीसीए (ब्रिटनची सीएसारखी पात्रता, एकूण तेरा पेपर, बी.कॉम.ना काही माफ) असे रस्ते आहेत. सीपीएच्या आशेने ऑफर घेताना एक तपासा. मुंबई विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या बी.कॉम.ची क्रेडिट्स अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या अटींना पुरत नाहीत, वर एम.कॉम. किंवा तत्सम काही लागतं. फर्म परीक्षेची फी देते म्हणाली, तर ती आधी भरते की पास झाल्यावर परत देते, आणि नोकरी सोडल्यास वसूल करते का, हे विचारून घ्या.

टीम कुठली, हे लेखी घ्या

इंटरव्ह्यूत ‘टॅक्स’ किंवा ‘ॲश्युरन्स’ (ऑडिट आणि त्यासारखी कामं) एवढंच सांगितलेलं असतं. टॅक्समध्ये प्रत्यक्ष कर, जीएसटी, ट्रान्सफर प्रायसिंग (एकाच समूहातल्या कंपन्यांमधल्या व्यवहारांच्या किमती), परदेशी कर्मचाऱ्यांचे रिटर्न अशी पूर्ण वेगळी कामं येतात. ॲश्युरन्समध्ये एक मुलगा बँकेच्या ऑडिटवर जातो, तर दुसरा वर्षभर बँक कन्फर्मेशनची (क्लायंटची शिल्लक बँकेकडून पडताळण्याची) पत्रं पाठवत बसतो. एचआरला मेल करून चार गोष्टी विचारा: टीमचं नाव, क्लायंट कुठल्या देशातले आणि कुठल्या उद्योगातले, कामाचे तास किंवा शिफ्ट, आणि ऑफिसचा पत्ता. ‘जॉइन झाल्यावर गरजेप्रमाणे ठरवू’ असं उत्तर आलं, तर ती ऑफर टीमशिवायची आहे असं समजून तोला. अशा वेळी तुम्हाला सामायिक पूलमध्ये टाकतात आणि जिथे माणूस कमी पडेल तिथे पाठवतात. दोन ऑफरमध्ये पगाराचा फरक थोडा असेल, तर टीम लेखी देणारी फर्म आम्ही वर ठेवू.

एचआरनंतर त्याच टीममध्ये दुसऱ्या वर्षाला असलेल्या माणसाशी बोला. कॉलेजचे माजी विद्यार्थी लिंक्डइनवर सापडतात, आणि गाववाला म्हटल्यावर बहुतेक जण बोलतातही. ‘कसं आहे?’ असं मोघम विचारू नका. मागच्या आठवड्यात काय काम केलंत, बिझी सीझनमध्ये लॉगआउट किती वाजता होता, तुमच्याबरोबर लागलेल्यांपैकी किती जण अजून आहेत, सांगितलेला व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग) प्रत्यक्षात किती मिळाला, हे विचारा. शेवटच्या दोन प्रश्नांवर तो घुटमळला, तर उत्तर मिळालं असं समजा.

कामाचं वर्ष आणि आपलं वर्ष

ही गोष्ट ऑफर निवडताना कोणी बघत नाही, आणि पुढे सगळ्यात जास्त खटके तिच्यावरूनच उडतात. प्रत्येक टीमचा हंगाम ठरलेला असतो. तो गणपती, शिमगा आणि आंब्याच्या हंगामाशेजारी मांडून बघा.

भारतीय ऑडिट: लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना वार्षिक निकाल वर्ष संपल्यापासून ६० दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत जाहीर करावे लागतात. एप्रिल-मे पूर्ण जातो. घरची कलमं असतील आणि काढणी, पेट्या भरणं घरच्या माणसांवरच असेल, तर त्या दोन महिन्यांत तुम्ही उपलब्ध नसाल हे घरी आत्ताच सांगा. तिमाही निकालांना ४५ दिवसांची मुदत असल्याने जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळही तंग असतो, पण गणपतीपर्यंत बहुतेकदा उसंत मिळते. क्लायंट अनलिस्टेड असतील तर मात्र काम वार्षिक सभेच्या ३० सप्टेंबरच्या मुदतीपर्यंत रेंगाळतं.

भारतीय टॅक्स: टॅक्स ऑडिटच्या अहवालाची नेहमीची मुदत ३० सप्टेंबर, कंपन्यांच्या रिटर्नची ३१ ऑक्टोबर. मुदतवाढ मिळाली तरी ती बहुधा शेवटच्या घटकेला जाहीर होते, त्यामुळे तिच्या भरवशावर कोणी रजा देत नाही. गणपती ऑगस्टअखेरीस आले तर सुटका, सप्टेंबरच्या मध्यावर आले तर ओढाताण.

अमेरिकन टॅक्स: भागीदारी संस्थांची तारीख १५ मार्च, व्यक्ती आणि बहुतेक कंपन्यांची १५ एप्रिल. वाढीव मुदती अनुक्रमे १५ सप्टेंबर आणि १५ ऑक्टोबर. म्हणजे शिमगा एका हंगामात आणि गणपती दुसऱ्यात. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरची, भागीदारी रिटर्नच्या मुदतीच्या आदल्या दिवशी. अशा टीममध्ये त्या आठवड्यात रजा मागणं आणि ती मिळणं यात बरंच अंतर आहे. २०२७ ची चतुर्थी ४ सप्टेंबरला आहे, तेव्हा थोडी जागा राहते.

अमेरिकन ऑडिट: बहुतेक क्लायंटचं वर्ष डिसेंबरला संपतं, म्हणून जानेवारी ते मार्च भरगच्च. गणपतीला ही टीम सगळ्यात सोयीची, पण शिमग्यात पालखी घरी येते तेव्हा तुम्ही लॅपटॉपसमोर असाल.

म्हणून टीमच्या माणसाला थेट विचारा की गणपतीची रजा गेल्या वर्षी किती जणांना मिळाली आणि ती किती आधी मंजूर होते. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. रजा आठवडाभर आधी मंजूर करणाऱ्या टीममध्ये तिकीट आधी काढूनच ठेवावं लागतं. गावाहून काम करायची परवानगी आहे का हेही विचारा, कारण काही क्लायंटची माहिती ऑफिसबाहेर उघडता येत नाही. परवानगी असली, तरी वाडीत नेटवर्क किती टिकतं हे तुम्हालाच ठाऊक.

सीटीसीतून हातात किती?

दोन्ही लेटरमधले सीटीसीचे (फर्मला तुमच्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाचे) आकडे शेजारी मांडून कागदावर वजाबाकी करा. समजा पहिली ऑफर ६,००,००० ची. त्यात व्हेरिएबल ६०,०००, मालकाचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी १४,४३० (तीन लाख बेसिकच्या ४.८१ टक्के) आणि विम्याचा हप्ता ९,९७० धरलाय. उरतात ४,९४,०००, महिन्याला सुमारे ४१,१६६. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेले की हातात ३९,१६६. दुसरी ऑफर ५,४०,००० ची, व्हेरिएबल नाही, विमा सीटीसीबाहेर. मालकाचा पीएफ २१,६०० आणि ग्रॅच्युइटी १२,९८७ वजा जाता ५,०५,४१३, महिन्याला ४२,११७. तेच २,००० वजा केले की हातात सुमारे ४०,११७. साठ हजारांनी लहान दिसणारी ऑफर दर महिन्याला साडेनऊशे रुपये जास्त देते.

इथे पीएफ महिना १५,००० बेसिकच्या मर्यादेवर धरलाय. काही फर्म तो पूर्ण बेसिकवर कापतात, मग हातातली रक्कम घटते पण तुमच्या खात्यात जास्त साठतं. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं झाल्यावरच मिळते, म्हणून दोन-तीन वर्षांत फर्म बदलणार असाल तर तो आकडा शून्य धरा. व्हेरिएबल अर्धा मिळेल असं धरून हिशोब करा. आयकराची चिंता या पगाराला नको. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत प्रमाणित वजावटीसह १२.७५ लाखांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय करही नाही.

शहर

मुंबईची ऑफर असेल तर ऑफिस लोअर परळला आहे की गोरेगावला, यावर राहायची जागा ठरते. कोकणातल्या बहुतेक गाड्या पनवेल, ठाणे, दादर अशा येतात. ठाण्यात राहिलात तर शुक्रवारी रात्री गाडी पकडणं सोपं, बोरिवलीत राहिलात तर प्रत्येक फेरीत दीड-दोन तास वाढले. पुण्यात भाडं तुलनेने सौम्य, पण चिपळूण-रत्नागिरीकडे यायला घाटच, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की वेळेचा भरवसा नाही. हैदराबाद-बेंगळुरूची ऑफर लाख-दीड लाखाने मोठी असल्याशिवाय पहिल्या नोकरीसाठी आम्ही सुचवणार नाही. अपवाद फक्त टीम खरोखर वेगळी असेल तर. पहिल्या महिन्यात डिपॉझिट, ब्रोकर आणि सामान मिळून दोन पगार सहज जातात. रीलोकेशन भत्ता केव्हा मिळतो ते विचारा. पहिल्या पगारानंतर मिळणार असेल तर घरून पैसे घ्यावे लागतील.

शिफ्ट असेल तर गाडीची सोय लेखी हवी. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्यांना त्यांच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं, आणि सुरक्षित वाहतुकीची जबाबदारी मालकाची असते.

बारीक अक्षरातल्या अटी

बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार), जॉइनिंग बोनसची वसुली आणि नोटीस पिरियड, तिन्ही वाचा. बाँड कोर्टात टिकत नाही असं सर्रास सांगितलं जातं, त्यावर विसंबू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात मुदतीआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली आहे. नोटीस ९० दिवसांची असेल तर पुढची नोकरी बदलणं अवघड जातं, कारण समोरची कंपनी तेवढं थांबेलच असं नाही.

ऑडिट टीममध्ये जात असाल तर गुंतवणुकीची माहिती द्यावी लागते. तुमच्या आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्यांच्या नावावर फर्मच्या ऑडिट क्लायंटचे शेअर असतील तर ते विकायला सांगू शकतात. वडिलांनी तुमच्या नावाने काढलेलं डिमॅट खाते विसरू नका.

सर्व सेमिस्टर पास आणि अमुक तारखेपर्यंत निकाल, ही अट जवळजवळ प्रत्येक लेटरमध्ये असते. विद्यापीठाचा निकाल लांबला तर काय, हे सही करण्याआधी मेलवर विचारा. कॉलेजचं बोनाफाइड आणि ऑनलाइन मार्कशीट तात्पुरती चालेल असं लेखी मिळालं की जीव भांड्यात पडतो. जॉइनिंगची तारीख लेटरमध्ये नसणं हा मोठा दोष आहे. मंदी आली की अशा ऑफर महिनोनमहिने पुढे ढकलल्या जातात.

उत्तर देताना

मुदत अपुरी असेल तर कारण आणि नेमकी तारीख देऊन पाच-सात दिवस वाढवून मागा. सभ्यपणे मागितल्याने ऑफर सहसा जात नाही. दोन्हीकडे हो म्हणून एकीकडे न जाणं मात्र टाळा. याच चार-सहा फर्ममध्ये माणसं इकडून तिकडे फिरत असतात, आणि तुमच्या नावापुढचा शेरा पुढच्या अर्जाच्या वेळी निघतो. नकार दोन ओळींच्या मेलने त्याच दिवशी कळवा. पण निवडलेल्या फर्मचं सही झालेलं लेटर हातात आल्यानंतरच.

मग पार्श्वभूमी तपासणी. इथे कोकणातल्या मुलांचं हमखास अडतं ते नाव आणि पत्ता. मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, किंवा वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, असं असेल तर आताच दुरुस्ती करा किंवा नोटरीचं प्रतिज्ञापत्र काढून ठेवा. गावच्या पत्त्यात घर नंबर आणि रस्ता नसतो, म्हणून वाडीचं नाव, जवळचं देऊळ किंवा शाळा, पोस्ट, तालुका, पिनकोड आणि घरी फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर द्या. काही एजन्सी मोबाइलवर लिंक पाठवून घरातूनच लोकेशनसह फोटो मागतात. त्या वेळी तुम्ही मुंबईत असाल तर लिंक घरच्या माणसाला पाठवता येते का ते एजन्सीला विचारा, आणि रेंज येते त्या जागेपासून घर लांब असेल तर तेही आधीच कळवून ठेवा. नाहीतर ‘पत्ता सापडला नाही’ असा शेरा लागून जॉइनिंग अडकतं.